संगम की अपव्यय?

गेल्या चातुर्मासात आमच्या मंडळाच्या एका व्याख्यानानंतर, चहाचे पेले हातात असताना, विषय नर्मदेवर गेला. आमच्यातील एक वयोवृद्ध आणि व्यासंगी सद्गृहस्थ म्हणाले, "पूर्वी हे सारे पाणी समुद्रात वाया जात होते. आज ते शेतात आले, नळाला आले. त्यापायी भरूचकडच्या चार मच्छीमारांचे मासे कमी झाले, तर त्याचा एवढा गहजब कशासाठी?" उपस्थितांनी माना डोलावल्या. मीही गप्प राहिलो. वास्तविक बोलायला हवे होते. पण त्यांच्या तोंडचे ते पहिले वाक्य माझेच होते. राज्य सरकारच्या सेवेत काढलेल्या तीस-बत्तीस वर्षांत 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हे शब्द मी किती टिपणांत आणि किती अहवालांत लिहिले असतील, याची मोजदाद नाही. आज निवृत्तीनंतर ते शब्द मला परत घ्यावयाचे आहेत. हा लेख त्या सद्गृहस्थांच्या विरुद्ध जितका आहे, त्याहून अधिक माझ्या जुन्या लेखणीच्या विरुद्ध आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. धरणे बांधूच नयेत, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांनी तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधले आणि या शहराला नळाचे पाणी दिले. त्या पाण्यावर आपले आजे-पणजे वाढले. कच्छ-सौराष्ट्रातील बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा नर्मदेच्या पाण्याने उतरवला, ही गोष्टही खरी आहे आणि मोठी आहे. वाद पाणी अडवण्याविषयी नाही. अडवल्यानंतर नदीसाठी काय उरले, आणि जे उरले नाही त्याला आपण कोणते नाव दिले, एवढाच वादाचा विषय आहे.

आता ज्या माशाचा उल्लेख इतक्या तुच्छतेने झाला, त्याची ओळख करून देतो. आपल्या कायस्थ प्रभू मंडळींच्या घरांत त्याला पाला म्हणतात. त्याच्या गाबोळीची चव त्यांच्यातील जुन्या गृहिणींना विचारावी. गुजराती लोक त्याला चाकसी म्हणतात, सिंधी पल्लो, बंगाली इलिश, आणि सर्वत्र चालणारे नाव हिलसा. हा मासा राहतो समुद्रात. पण त्याची वीण होते ती नदीच्या गोड्या पाण्यात. पावसाळ्यात नदीला पूर येतो, मुखाजवळचे खारे पाणी मचूळ आणि मग गोडे होत जाते, प्रवाहाचा जोर वाढतो. पुराची ही वर्दी मिळाली की पाल्याचे थवे खाडीत शिरतात आणि प्रवाहाच्या विरुद्ध वर चढू लागतात. गोड्या, वाहत्या पाण्यात एकेक मादी लाखो अंडी सोडते. सुमारे एका दिवसात अंडी फुटतात. पिले काही महिने नदीत आणि खाडीत वाढतात आणि बोटभर झाली की समुद्राकडे परततात. पुढे मोठी होऊन ती पुन्हा नदीची वाट धरतात.

या चक्राला तीन गोष्टी लागतात: समुद्रापर्यंत पोचणारा पूर, वर जाण्याची मोकळी वाट आणि वरच्या भागात अंडी घालण्याजोगे गोडे, वाहते पाणी. यांतील एक गेली तरी चक्र थांबते. नर्मदेवर आपण तिन्हींना हात घातला आहे.

भरूच-भाडभूतकडचे मच्छीमार देवपोढी अगियारसीला नर्मदेत दूध आणि चुंदडी अर्पण करून चाकसीच्या हंगामास प्रारंभ करतात. देवपोढी अगियारस म्हणजे आपली आषाढी एकादशी. आपण ज्या दिवशी उपास करून विठ्ठलाला हात जोडतो, त्याच दिवशी ऐंशी किलोमीटरवरची ही माणसे नदीला हात जोडून वर्षाची भाकरी मागतात; कारण पावसाळ्याच्या या चार महिन्यांतील कमाईवर त्यांचे उरलेले आठ महिने निघतात.

यानंतर हिशेबाकडे वळतो. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला तीच भाषा बरी येते. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १२ डिसेंबर १९७९ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. पंच्याहत्तर टक्के विश्वासार्हतेने नदीत मिळणारे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरण्यात आले होते. त्याची वाटणी अशी: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५० आणि महाराष्ट्र ०.२५. वाचकांनी कृपया बेरीज करून पाहावी. ती बरोबर २८ येते. नदीसाठी शून्य, समुद्रासाठी शून्य. एखाद्या वर्षी पाऊस अधिक झाला, तर त्या वाढीव पाण्याचेही ७३, ३६, २ आणि १ अशा प्रमाणात वाटप व्हावे, ही तजवीज निवाड्यात आहे. चार भावांनी वडिलांच्या हयातीतच घराची वाटणी करावी आणि वडिलांना कोणती खोली, हे कोणी विचारूही नये, तसा हा प्रकार झाला.

मला तो त्या वेळी दिसला नाही. पण ज्याला दिसला, असा एक माणूस मला भेटला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास मी भरूच जिल्ह्यात कनिष्ठ अधिकारी होतो. एके दिवशी माछी समाजाची पाच-सात माणसे निवेदन घेऊन कार्यालयात आली. मी नव्या उत्साहाने त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवला. कोणत्या राज्याला किती पाणी, कोणत्या जिल्ह्याला कोणता कालवा, हे सारे समजावून सांगितले. त्यांच्यातला एक म्हातारा शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने विचारले, "साहेब, दरियाने केटलुं?" समुद्राच्या वाट्याला किती? मला हसू आले. मी म्हणालो, "काका, दर्याला काय पाण्याची तूट आहे?" तो म्हणाला, दर्याला पाणी नको असते, पाण्याचा सांगावा हवा असतो; सांगावा पोचला नाही तर चाकसी येत नाही. मी त्यांना चहा पाजला, पोच दिली आणि निवेदनाच्या समासात लिहिले: 'मुद्दा प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही. दफ्तरी दाखल.' खाली सही केली. माझ्या सेवाकाळात माझ्यावर एकही ठपका आला नाही. हा यायला हवा होता.

त्या म्हाताऱ्याचा प्रश्न किती नेमका होता, ते पुढच्या काळाने दाखवून दिले. सरदार सरोवराच्या मुख्य कालव्याची मुखाशी वहनक्षमता ४०,००० क्युसेक आहे. खालच्या नदीत कोरड्या काळात सोडावयाचा किमान विसर्ग म्हणून जो आकडा ठरला, तो ६०० क्युसेकचा. कालव्याची क्षमता नदीच्या या किमान वाट्याच्या सहासष्ट पट! हे ६०० क्युसेक वर्षभर अखंड सोडले, असे धरले तरी त्याचे होतात सुमारे ४ लाख ३४ हजार एकर-फूट. म्हणजे वाटून घेतलेल्या २८ दशलक्षांच्या जेमतेम दीड टक्का. खंबातच्या आखातातील भरती देशातील सर्वांत जोरकस भरत्यांपैकी एक आहे. तिला तोंड देण्यासाठी सातपुडा आणि विंध्याच्या मधून येणाऱ्या एवढ्या मोठ्या नदीच्या हाती आपण दीड टक्क्याची काठी दिली.

परिणाम व्हायचा तोच झाला. २०१७ चा पावसाळा नर्मदेच्या खोऱ्यात तुटीचा गेला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात भरूचजवळचे पात्र उघडे पडले. समुद्राचे खारे पाणी आत शिरले, विहिरी आणि शेते खारावली. याच्या उलट, १७ सप्टेंबर २०२३ रोजी धरणातून सुमारे १८ लाख क्युसेक पाणी एकदम आले आणि चांदोद, कर्नाळीपासून अंकलेश्वर-भरूचपर्यंत घरेदारे बुडाली. एकीकडे सहाशे, दुसरीकडे अठरा लाख. ज्या माशाच्या पिढ्या आषाढातील पहिल्या गढूळ लोंढ्यापासून भाद्रपदापर्यंत चढत-उतरत येणाऱ्या पुरांवर घडल्या, त्याला यांतले कोणते पाणी कामाचे? एखाद्या वर्षी एकूण बेरीज मोठी दिसते. परंतु पाणी कोणत्या पंधरवड्यात आले, यावर वीण ठरते. उशिरा आलेली वर्दी न आल्यासारखीच.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पाला कमी होण्यास धरण हेच एकमेव कारण नाही. समुद्रात यंत्रबोटींची बेसुमार मासेमारी होते, बारीक आसाच्या जाळ्यांत पिलेही सापडतात, कारखान्यांचे सांडपाणी खाडीत उतरते. हे सारे मान्य. पण ज्या रोग्याचे अन्न तोडले आहे, त्याला साधा ताप आला तरी तो दगावतो. प्रवाह असता तर सांडपाणी पातळ झाले असते; वीण भरपूर असती तर जाळ्यांनी केलेली हानी काही अंशी भरून आली असती. दुसऱ्या कारणांकडे बोट दाखवून पहिल्या कारणाची सुटका होत नाही.

"आम्हांला काय ठाऊक होते?" असे म्हणण्याचीही सोय नाही. हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा पहिला मोठा अहवाल फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये लिहिला, आणि दक्षिणेकडील नद्यांवरचे बंधारे माशांच्या वाटा कशा अडवतात, हे त्यात नमूद आहे. १९३४ मध्ये कावेरीवर मेट्टूरचे धरण पूर्ण झाले आणि त्या नदीतील हिलशाला उतरती कळा लागली. १९५५ मध्ये सिंधू नदीवर कोत्रीचा बंधारा झाला आणि सक्कर व त्याच्याही वर जाणारा पल्लो तेथेच अडला. आपल्या शहरातील सिंधी बांधवांच्या घरी झुलेलालची तसबीर पाहावी. देव ज्या माशावर आरूढ आहे, तो हाच पल्लो. देव वाहनासकट निर्वासित होऊन इकडे आला आणि तिकडे नदीत वाहनाची वाटच बंद झाली. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का सुरू झाला. त्यापूर्वी प्रयाग, कानपूर आणि आग्र्यापर्यंत इलिश चढत असे. त्यानंतर मधल्या गंगेतून तो जवळजवळ नाहीसा झाला. तीन मोठ्या नद्यांनी तीन वेळा एकच उत्तर दिले होते. चौथ्या नदीवर आपण तोच प्रयोग केला आणि निष्कर्षाची वाट पाहत बसलो.

अशा वेळी कार्यालयातून एक ठरीव उत्तर येते: माशांसाठी शिडी बांधू. मीही हे उत्तर तयार केलेले आहे. ही शिडी म्हणजे बंधाऱ्याच्या कडेने बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्या. ती पश्चिमेकडील नद्यांतील सॅमन माशासाठी योजलेली. तो उड्या मारीत धबधबे चढतो. पाला उड्या मारणारा मासा नव्हे. तो थव्याने आणि रुंद प्रवाहातून चढतो. बंधाऱ्याच्या एका कोपऱ्यातील चिंचोळी पायवाट त्याने शोधून काढावी, ही अपेक्षा म्हणजे पंढरीच्या वारीला खिडकीतून आत या म्हणण्यासारखी आहे. दक्षिणेतील जुन्या बंधाऱ्यांवर असे प्रयत्न झाले आणि हिलशाच्या बाबतीत ते फसले. फराक्क्यात तर इतक्या वर्षांनी, नव्या जलवाहतूक कुलुपातून इलिशाला जाता यावे म्हणून त्याचे दरवाजे उघडण्याच्या वेळा ठरवाव्या लागल्या. चूक आधी आणि शहाणपण अर्ध्या शतकाने, हा क्रम आपण आणखी किती नद्यांवर गिरवणार?

हा प्रश्न हवेतला नाही. नर्मदेच्या मुखाजवळ भाडभूत येथे २०१७ मध्ये पायाभरणी झालेला आणि २०२० साली काम हाती घेतलेला प्रचंड बंधारा त्याचे जिवंत उदाहरण आहे. हेतू सांगितला जातो तो असा की समुद्राचे खारे पाणी अडावे आणि गोडे पाणी साठावे. जरा थांबून या तर्काकडे पाहू. वरचे पाणी काढून घेतल्यामुळे नदी दुबळी झाली. नदी दुबळी झाल्यामुळे खारे पाणी आत आले. आणि खारे पाणी आत आले म्हणून आता नदीच्या मुखावर भिंत! ज्या मच्छीमारांनी खारटपणाची तक्रार आधी केली, त्यांच्याच उपजीविकेवर त्या तक्रारीचा इलाज उतरला. सरदार सरोवर समुद्रापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेवढी तरी वाट पाल्याला मोकळी होती. ही भिंत त्याच्या उंबरठ्यावर आहे.

आपल्यातील बहुसंख्य घरांत मासा शिजत नाही. म्हणून हा मत्स्याहारी लोकांच्या जिभेचा प्रश्न आहे, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी महासीरकडे पाहावे. ओंकारेश्वर, महेश्वर, होशंगाबादच्या घाटांवर आपल्या आज्या कणकेच्या गोळ्या टाकीत आणि सोनेरी खवल्यांचे ते मोठे मासे पायरीपर्यंत येत. तो समुद्रातून येत नाही. परंतु पावसाळ्यात प्रवाहाच्या विरुद्ध वर चढून उथळ, स्वच्छ, खडेगोटे असलेल्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशी एकामागून एक सरोवरे झाली आणि ती खड्यांची पात्रे खोल, स्तब्ध पाण्याखाली गेली. साठच्या दशकात मधल्या नर्मदेतील एकूण पकडीत महासीरचा वाटा चतुर्थांशाहून अधिक होता. २०११ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला; मान मिळाला तेव्हा मानकरी शोधावा लागत होता. आपल्या इंदूरच्या वाचकांना हे मी सांगावे असे नाही.

आता शब्दाकडे येतो. हे साहित्य मंडळाचे पत्र आहे आणि शब्दाची जबाबदारी आपली आहे. नदी समुद्राला मिळते, त्या जागेला आपल्या भाषेत 'संगम' म्हणतात. तेथे तीर्थ मानले जाते, स्नान होते, तर्पण होते. आपल्यातील कितीतरी मंडळींनी नर्मदेची परिक्रमा केली आहे. दक्षिण तटावर विमलेश्वरला पोचल्यावर, उत्तर तटावर मिठी तलाईस जाण्यासाठी, त्यांना नावेत बसावे लागते. रेवा-सागर संगमाला वळसा घातल्याशिवाय परिक्रमा पुरी होत नाही. त्या नावा कोण वल्हवते, हे परिक्रमावासीयांनी आठवून पाहावे. तीच माणसे, ज्यांना परवाच्या चर्चेत 'चार मच्छीमार' म्हटले गेले. नदी ओलांडू नये म्हणून आपण शेकडो कोस अनवाणी चालतो. आणि जी नदी समुद्रापर्यंत जाते म्हणून तिला पूर्ण मानतो, तिचे समुद्राला मिळणे आपल्याच कागदांत 'वाया' ठरते. एकाच मनात संगम आणि अपव्यय हे दोन्ही शब्द एकाच घटनेसाठी कसे नांदतात? पूजा करताना पहिला, अर्थसंकल्प मांडताना दुसरा! गरुडेश्वरी टेंबे स्वामींच्या समाधीला आपण नेमाने जातो. तेथून वरच्या अंगाला आहे ते धरण आणि समोर नदीचे पात्र. दर्शनानंतर क्षणभर त्या पात्राकडेही पाहावे.

समुद्रात गेलेले पाणी गाळ नेते, खाडी गोडी करते, भरतीला थोपवते, विहिरी राखते आणि कोट्यवधी जिवांना परतण्याची हाक देते. इतकी कामे करणाऱ्याला 'वाया' म्हणणारा हिशेबनीस माझ्या हाताखाली असता, तर मी त्याला खुलासा विचारला असता. तो हिशेबनीस मीच होतो, म्हणून आज खुलासा देत आहे.

मागणे फार नाही. लवादाच्या निवाड्यात पाणीवाटपाचा पुनर्विचार राजपत्रातील प्रसिद्धीपासून ४५ वर्षांनंतर करता येईल, असे म्हटले आहे. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पुरी झाली. पुनर्विचार जेव्हा होईल, तेव्हा चार राज्यांच्या पंक्तीत नदी ही पाचवी वाटेकरी म्हणून बसली पाहिजे, आणि तिचे ताट शेवटी उरलेल्या अन्नाचे नसावे. आषाढ ते भाद्रपद या काळात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांशी मेळ घालून, काही दिवस सलग असा विसर्ग सोडावा की त्याची वर्दी समुद्रापर्यंत पोचेल. शेतीला पाण्याची आवर्तने ठरवून देतो, तशीच नदीलाही द्यावीत. भाडभूतचे दरवाजे चाकसीच्या हंगामात केव्हा आणि किती काळ उघडे राहतील, हे आधी लेखी जाहीर व्हावे आणि ते ठरवताना त्या किनाऱ्यावरच्या माणसांना समोर बसवावे. त्यांच्या निवेदनावर 'दफ्तरी दाखल' असा शेरा पडू नये.

हे स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार जुनी धरणे २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सॅमन मासे शतकभर बंद असलेल्या वाटेने वर गेले. आपल्याकडे धरण पाडण्याची गोष्ट मी करीत नाही. येथे कोट्यवधी लोकांची तहान त्यावर अवलंबून आहे. पण वाट मोकळी झाली की मासा येतो, एवढे तरी त्यावरून कळावे. प्रश्न माशाच्या स्मरणशक्तीचा नाही, आपल्या इच्छेचा आहे.

आणि हे सारे शासनाने करावयाचे. आपण काय करावे? आपण एक करू शकतो. लहानपणी मुंबईला जाताना भरूचच्या पुलावर गाडी आली की आई हातात एक नाणे देई आणि आम्ही ते 'नर्मदे हर' म्हणत पाण्यात टाकीत असू. ते नाणे वाया गेले, असे त्या घरात कधी कोणी म्हटले नाही. यापुढे आपल्या बैठकीत, आपल्या लेखात, नातवंडांच्या पाठ घेण्यात 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हे शब्द आले, तर तेथेच थांबवून विचारावे: दर्याला किती? माझ्या हातून तो प्रश्न एकदा दफ्तरी दाखल झाला आहे. तो बाहेर काढण्याचे काम मी माझ्या परीने आज या पानावर केले. परवाच्या चर्चेतील सद्गृहस्थांनी पुढच्या अंकात याचे उत्तर लिहावे, अशी त्यांना सादर विनंती आहे.